गाडीशिवाय आलेला ब्लॉक: जुनं इंजिन ओळखायचं कसं

आमच्याकडे गाडी येत नाही, ब्लॉक येतो, म्हणजे इंजिनाचं सिलिंडरांचं मुख्य धड. पुण्यात नाना पेठेत बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून-घासून गुळगुळीत करायचं दुकान असलं की असंच होतं. कधी छोटा हत्तीतून, कधी रिक्षाच्या मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळून, एकदा तर स्कूटरच्या फूटबोर्डवर दोन पायांच्या मध्ये धरून आणलेला तीन सिलिंडरचा ब्लॉक मी उतरवून घेतलाय. आणणारा म्हणतो, "फियाटचा आहे, बोअर करून ठेवा," आणि चहाला निघून जातो. तो खरंच फियाटचा आहे का, हे मात्र आम्हालाच बघावं लागतं. कारण पिस्टन चुकीचा मागवला तर शिव्या आम्हाला, आणि पिस्टनवाला परत घेत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याची, वडिलांची अँबॅसिडर पुन्हा रस्त्यावर आणू बघणाऱ्याची अडचण हीच असते. बॉनेट उघडल्यावर समोर जे काळं, तेलकट धूड बसलंय, ते कंपनीनं बसवलेलं की मधल्या कुण्या मालकानं? तीस-चाळीस वर्षांत एखादं इंजिन गाडीत राहिलंच असेल याची खात्री नसते. डिझेल स्वस्त होतं त्या काळात पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं टाकणं हा तर सर्रास चालणारा धंदा होता.

आधी साफसफाई. ब्लॉकवरच्या खुणा वाचता येत नाहीत त्या बहुतेक वेळा खोडलेल्या नसतात, दडलेल्या असतात. रॉकेल किंवा डिझेल लावून तासभर भिजू द्यायचं, पितळी तारेच्या ब्रशनं घासायचं, फडक्यानं पुसायचं. मग शाळेतला पांढरा खडू आडवा धरून त्यावर फिरवायचा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूनं, अगदी तिरपा मारायचा. आकडे एकदम उठून दिसतात. मागच्या, हात न पोहोचणाऱ्या जागी मोबाइल घालून फोटो काढायचा, तो मोठा करून वाचायचा. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर मात्र अजिबात लावू नका. का ते पुढे येईलच.

आता जे दिसतं त्यात दोन जाती असतात आणि सगळा घोळ या दोन जाती एक समजल्यामुळे होतो.

पहिली जात वर उचललेल्या आकड्यांची. जुने ब्लॉक बहुधा बिडाचे, म्हणजे आपल्या घावनाच्या तव्याचाच मोठा भाऊ. वितळलेलं बीड साच्यात ओततात. मोदकाच्या साच्यात पाकळ्या खोल कोरलेल्या असतात म्हणून मोदकावर त्या उठून येतात, तसंच साच्यात जे अक्षर खोल असतं ते ब्लॉकवर फुगीर येतं. हा ओतीव नंबर. तो त्या एका इंजिनाचा नसतो, त्या साच्याचा असतो. त्या साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकवर तोच आकडा सापडेल. कंपनीची खूण, फाउंड्रीची खूण, कधी ओतल्याची तारीख, कधी इंजिनाच्या घराण्याचं नाव, असं सगळं या जातीत मोडतं. कोल्हापूरला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कधी गेलात तर नुकते थंड झालेले भाग बघा. त्या खुणा तिथे नव्याकोऱ्या, धारदार दिसतात.

दुसरी जात खोल गेलेल्या आकड्यांची. ब्लॉक ओतून, मशीनवर घासून, इंजिन जुळल्यावर एका सपाट केलेल्या पट्टीवर पंच ठोकून हे आकडे उमटवतात. हा इंजिन नंबर. आरसी बुकात असतो तो हा, आणि आरटीओचा माणूस कागद ठेवून वरून पेन्सिल घासतो तीही यावरच. पट्टी कुठे असते हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. ब्लॉक आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण) मिळतात त्या काठाजवळ, ब्लॉक आणि गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ किंवा ब्लॉकच्या कुशीत एखाद्या उंचवट्यावर शोधायला सुरुवात करावी. जुन्या अमेरिकन लष्करी जीपचं उदाहरण यात फार छान आहे. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धात जवळपास एकच जीप बनवली, इंजिनही एकच. पण विलिसच्या इंजिन नंबराआधी 'एमबी' ठोकलेलं असतं आणि फोर्डच्या आधी 'जीपीडब्ल्यू'. फोर्डवाले तर इतके हौशी की बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा आपला 'एफ' उमटवायचे.

थोडक्यात, ओतलेला आकडा कुळ सांगतो, ठोकलेला आकडा व्यक्ती. आडनावावरून माणसाचं आधार कार्ड निघत नाही, तसंच ओतीव नंबरावरून आरसी जुळवायला जाऊ नये. लोक नेमकं तेच करतात. ब्लॉकवर मोठ्ठा फुगीर नंबर दिसला की फोटो काढतात आणि "हा आरसीत नाही, गाडी चोरीची आहे का?" म्हणून घाबरून विचारतात.

तारखेबद्दल एक सावधगिरी. ओतीव तारखेत वर्षाचा बहुधा शेवटचाच आकडा असतो. जनरल मोटर्सच्या जुन्या ब्लॉकवर महिन्यासाठी अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, पुढे तारीख आणि मग वर्षाचा एकच अंक. म्हणजे 'सी १५ ४' दिसलं तर १५ मार्च, पण १९५४ की १९६४, हे इंजिनाच्या बाकी बांधणीवरून ठरवायचं. फोर्डची रीत आणखी वेगळी. तिथे 'सी ५' असेल तर सी म्हणजे साठचं दशक आणि ५ म्हणजे १९६५, पण ते साल त्या भागाचा आराखडा झाला तेव्हाचं, भाग ओतला तेव्हाचं नाही. भाग त्यानंतर दोन वर्षांनीही ओतलेला असू शकतो.

आता कोडकडे. इथे पुणेकरांना एक गंमत सांगतो. टाटांच्या इंजिनांची नावं ४७५, ४८३, ४९७ अशी असतात. पिंपरी-चिंचवडमध्ये निम्म्या घरांतून कुणीतरी टेल्कोत असायचं, तरी हे आकडे काय म्हणून विचारलं तर बरेच जण मान हलवतात. पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरचे, मिलिमीटरमध्ये. ४७५ म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिमी; हे १९९८ मध्ये आलेल्या इंडिकाचं १४०५ सीसीचं डिझेल. ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिमी. सुमोत आणि त्याआधी सिएरात असलेलं १९४८ सीसीचं. ४९७ हे ४०७ टेम्पोतलं, २९५६ सीसीचं. आणि ट्रकातलं ६९७ कळायला आता माझी गरज नाही.

मारुती-सुझुकीची भाषा निराळी. तिथे पहिलं अक्षर घराण्याचं, आकडा लिटरच्या दहाव्या भागात, शेवटचं अक्षर आवृत्तीचं. एफ ८ बी म्हणजे एफ घराणं, ०.८ लिटर, बी आवृत्ती. जी १३ बी म्हणजे जी घराणं, १.३ लिटर, एस्टीमवालं. एफ १० डी हे जुन्या वॅगन आरमधलं १०६१ सीसीचं इंजिन. त्याचा बोअर ६८.५ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७२ मिमी. मारुती ८०० चाही बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२. म्हणजे ८०० च्या तीन सिलिंडरांना चौथा भाऊ जोडला की वॅगन आर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन्ही क्रँक (पिस्टनच्या वर-खाली चालीनं फिरणारे दांडे) शेजारी ठेवून बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

निस्सानचंही असंच, अक्षर आणि आकडा. प्रीमियरची ११८ एनई आठवत असेल. अंगानं फियाट १२४, पण आत निस्सानचं ए १२, ११७१ सीसी. फियाटचे पिस्टन मागवून फसणारे तेव्हा बरेच होते. कॉन्टेसाचंही तेच, सुरुवातीच्या गाड्यांत अँबॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, नंतरच्यांत इसुझूचं १८१७ सीसीचं. इंग्लंडात बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची) रीत तर एखाद्या पंचांगासारखी होती. त्यांच्या 'एमजी ए' गाडीच्या इंजिनावर '१५ जीबी/यू/एच' असतं: १५ म्हणजे १५०० सीसी, जी म्हणजे एमजी, बी गाडीचा प्रकार, यू म्हणजे गिअरची दांडी मध्यभागी, एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, बी सिरीज.

एवढ्यावर काम भागलं असतं तर आमच्या दुकानात व्हर्नियर आणि बोअर गेज धूळ खात पडले असते. खुणा पुसट असतात, पट्टी गंजलेली असते, कधी बदली ब्लॉक कोराच आलेला असतो. तेव्हा मोजायचं. सूत्र सातवीच्या वर्तुळाचंच आहे. बोअर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.७८५४ ने गुणा, स्ट्रोकने गुणा, सिलिंडरच्या संख्येने गुणा. पद्मिनीचं, म्हणजे आपल्या जुन्या फियाटचं बघू. बोअर ६.८, वर्ग ४६.२४, गुणिले ०.७८५४ म्हणजे ३६.३२. स्ट्रोक ७.५ ने गुणलं की २७२.४. चौपट केली की १०८९ आणि काहीतरी. म्हणजे आरसीतला १०८९.

अँबॅसिडरचा बोअर ७३.०२५ मिमी. असा विचित्र आकडा का, तर मुळात तो पावणेतीन इंच आणि वर एक अष्टमांश आहे. स्ट्रोक ८८.९, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. मिमीमध्ये वेडावाकडा आणि इंचात गोल आकडा आला की इंजिनाचं मूळ इंग्रजी किंवा अमेरिकन आहे हे मोजतानाच समजतं. फियाटचे ६८ आणि ७५ हे तसेच इटालियन, मिमीमध्ये जन्मलेले.

मोजताना एक गोष्ट विसरू नका. बोअर फक्त वाढतो, कमी होत नाही. लाइनर (आत बसवायची नळी) टाकून पुन्हा मूळ मापावर आणता येतो, पण घासून किंवा बोअर करून तो मोठाच होणार. पिस्टनच्या माथ्यावर 'एसटीडी' असेल तर मूळ माप; ०२०, ०४० असेल तर इंचाचे तेवढे हजारांश मोठा. गॅरेजात याला नुसतं 'ट्वेंटी', 'फॉर्टी' म्हणतात. अँबॅसिडरला फॉर्टीचे पिस्टन घातले की बोअर ७४.०४ होतो आणि हिशेब १५३१ सीसी येतो. यावरून "काहीतरी वेगळं मोठं इंजिन आहे" असा निष्कर्ष काढणारे भेटलेत मला. इंजिन तेच असतं, दोनदा बोअर झालेलं.

म्हणून ओळख पटवायला बोअरपेक्षा स्ट्रोक जास्त कामाचा. तो क्रँकवर ठरतो आणि ग्राइंडिंगनं पिन (पिस्टनचा दांडा अडकतो ती) बारीक झाली तरी तिचा मध्य मुख्य जर्नलच्या, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो त्या भागाच्या मध्यापासून जागच्या जागी राहतो. क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर (खाच असलेल्या ठोकळ्यांवर) ठेवून फिरवा. पिन सगळ्यात वर असताना उंची घ्या, सगळ्यात खाली असताना घ्या, वजाबाकी म्हणजे स्ट्रोक.

पण मोजमापही सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. मारुती ८०० चं कार्ब्युरेटरवालं एफ ८ बी आणि नंतरचं बारा व्हॉल्व्हचं एफ ८ डी, दोघांचा बोअर-स्ट्रोक एकच. अँबॅसिडरचं पेट्रोल आणि तिचंच बी सिरीजचं डिझेल, दोन्ही १४८९ सीसी, तेच बोअर, तोच स्ट्रोक. इथे व्हर्नियर हात टेकतो आणि पुन्हा ब्लॉकवरच्या खुणांकडे, हेडकडे, इंजेक्टरच्या भोकांकडे वळावं लागतं.

जीपवाल्यांचं दुखणं सगळ्यात अवघड, म्हणून तिथे जरा थांबतो. गेल्या पावसाळ्यात सासवडकडचे एक गृहस्थ जुन्या महिंद्रा जीपचा ब्लॉक घेऊन आले. जीप त्यांनी तिसऱ्या हातानं घेतलेली. म्हणाले, "मॅटाडोरचं इंजिन आहे. घेतली तेव्हा सांगितलं होतं तसं. मॅटाडोरचे चार पिस्टन मागवा."

आपल्या आकुर्डीत बनणाऱ्या मॅटाडोर व्हॅनमध्ये मर्सिडीजचं ओएम ६१६ होतं. ओएम म्हणजे जर्मनमध्ये तेलाचं इंजिन, डिझेल. ते जीपमध्ये बसवलेलं पुष्कळ ठिकाणी सापडतं, त्यामुळे बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण महिंद्राच्या डिझेल जीपमध्ये कंपनीकडूनच दोन वेगळी इंजिनं मिळायची, एक फ्रेंच कंपनी प्यूजोचं एक्सडीपी ४.९० आणि एक डीआय (डायरेक्ट इंजेक्शन). आणि या तिघांचे बोअर बघा: डीआय ८८.९, प्यूजो ९०, मॅटाडोर ९०.९. दोन मिलिमीटरमध्ये तिघं दाटीवाटीनं बसलेत. (४.९० म्हणजे काय ते टाटांचं वाचलेल्यांना आपोआप कळेल, प्यूजोवाल्यांनी मध्ये फक्त टिंब दिलंय.) स्ट्रोक मात्र तिघांचे लांब लांब: डीआय १०१.६, प्यूजो ८३, मॅटाडोर ९२.४.

मी बोअर गेज घातला. ९१.१. म्हणजे झिजलेला मॅटाडोर असू शकतो, किंवा एक मिलिमीटर मोठा केलेला प्यूजोही. डीआय इतका वर यायला सव्वादोन मिलिमीटर खरवडावा लागेल, म्हणून तो मी बाजूला ठेवला.

मग ब्लॉक कुशीवर वळवला आणि आत बघितलं. लांबीभर एक बोगदा आरपार गेलेला, त्यात बुशांच्या जागा. कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची जागा. मॅटाडोरच्या इंजिनात कॅम वर हेडमध्ये असतो, साखळीवर फिरतो. ब्लॉकमध्ये त्याला जागाच नसते. म्हणजे हे पुशरॉडवालं इंजिन, खालच्या कॅमनं लांब काड्यांमधून वरचे व्हॉल्व्ह ढकलणारं. मॅटाडोर बाद. मोजण्याच्या आधीच हे बघायला हवं होतं, पण "मॅटाडोर" हा शब्द कानात पडल्यावर डोळेही मॅटाडोरच बघायला लागतात. वीस वर्षं हे काम करूनही.

गृहस्थांना म्हटलं, क्रँक आणा. ते दुसऱ्या दिवशी घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून. वर-खाली मोजलं, वजाबाकी केली. ८३.

प्यूजो. कंपनीनंच बसवलेलं असू शकतं, निदान महिंद्राच्या घरातलं तरी.

आता प्रश्न होता ठोकलेल्या नंबराचा. पट्टी सापडली. खडू घासला, टॉर्च तिरपा मारला. आकडे नव्हते. फॅक्टरीतल्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेघा अशा पट्टीवर असतात, त्याही नव्हत्या. गोल गोल ग्राइंडरचे ओरखडे होते. कुणीतरी मधल्या काळात पट्टी साफ केली होती. मुद्दाम की गंज काढायच्या नादात, हे ब्लॉक बघून सांगता येत नाही. ग्राइंडर लावू नका म्हणालो ते याचसाठी. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत असे आकडे आम्ल लावून परत उठवायचा प्रयत्न करतात. पंच ठोकताना आकड्याखालचं लोखंडही दाबलं गेलेलं असतं, वरचं घासून टाकलं तरी तो दाब खाली शिल्लक राहतो आणि आम्ल तिथे वेगळं खातं. पण किती खोल घासलंय त्यावर ते अवलंबून, आणि ते काम आपल्या पातळीवर करायचंही नाही.

गृहस्थांनी आरसी बुक काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी. इंधनाच्या रकान्यात पेट्रोल.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीचा तपशील नोंदणीशी जुळेनासा होईल असा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन बदललं तर परवानगी आणि आरसीवर नोंद, दोन्ही लागतं. जुन्यातल्या जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेजची वेगळी नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' येतं, पण तिला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते आणि फार बदल केलेली चालत नाही. या जीपला दोन्ही अटी आड येणार होत्या. एवढं मी सांगितलं. बाकी आरटीओत विचारा म्हणालो.

ते बराच वेळ ब्लॉककडे बघत उभे होते. मग म्हणाले, "पेन्सिल आहे का?" मी दिली. त्यांनी खिशातल्या बिलाची मागची बाजू त्या पट्टीवर धरली आणि आरटीओत घासतात तशी पेन्सिल घासली, सावकाश, डावीकडून उजवीकडे. कागद नुसता करडा झाला. उजव्या कोपऱ्यात, ग्राइंडर पोहोचला नसावा तिथे, एक पांढरी उभी रेघ उमटली. १ असेल, किंवा ४ चा पाय.

त्यांनी तो कागद आरसी बुकात ठेवला, पिशवी गुंडाळली आणि म्हणाले, "प्यूजोचे पिस्टन मागवा. सोमवारी संगम पुलाला, आरटीओत जाऊन येतो."